बाराटांगची चुनखडकाची गुहा: गुडघा बदललेल्या आबांना नेऊ का?

देवगडकरीण

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आम्ही अंदमानला जातोय. मी, नवरा, ९ वर्षांची लेक आणि माझे वडील. आबा ७१ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली. घरात, आगरात, देवळापर्यंत व्यवस्थित चालतात, पण उतारावर काठी लागते.

सेल्युलर जेल, हॅवलॉक, नील हे सगळं ठरलंय. प्रश्न फक्त बाराटांग बेटाच्या दिवसाचा आहे. पहाटे तीनला हॉटेल सोडायचं, गाडी, मग फेरीबोट, मग छोटी बोट, मग चालत जाऊन चुनखडकाची गुहा बघायची आणि संध्याकाळी परत. टूरवाल्याने सरळ सांगितलं, "आजोबांना त्या दिवशी हॉटेलवर ठेवा." पण हा दिवस आबांनीच मागून घेतलाय. बाकी काही नाही दाखवलंत तरी चालेल म्हणतात.

त्याचं कारण सांगते. माझ्या लहानपणापर्यंत आमची खाडीला लागून चुन्याची भट्टी होती. बायका ओहोटीला शिंपल्या गोळा करून आणून विकायच्या. तिसऱ्या, मुळे, कालवांची कवचं, सगळी मिसळ. आबा आणि काका ती धुऊन, वाळवून भट्टीत थरावर थर लावायचे, मध्ये लाकूड नि करवंट्या. रात्रभर भट्टी धगधगायची. आमच्या गावातल्या कितीतरी घरांच्या भिंतींना त्या भट्टीचा चुना आहे. पुढे सिमेंट आलं, डिस्टेंपर आला, भट्टी बंद पडली. लेकीने शाळेत गुहेच्या छताला लोंबणाऱ्या लवणस्तंभाचं चित्र काढलं तेव्हा तिने आजोबांना समजावलं की अख्खा डोंगर चुन्याचा असतो आणि आतून पोकळ असतो. तेव्हापासून आबांचं एकच, "आयुष्यभर चुनो भाजलंय. चुन्याचो डोंगर आतसून कसो दिसता तां माका बघूचा आसा."

जे जाऊन आलेत त्यांनी खरं सांगा. चालणं किती आहे? बोटीत चढणं-उतरणं कसं आहे? आणि गुहा बघून त्यांचं मन भरेल का?

खाडीकाठ

ताई, आम्ही दिवाळीच्या सुट्टीत गेलो होतो. मी दापोलीकडचा. मला विचाराल तर नको. बारा-तेरा तासांची दगदग आणि गुहेत जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. गर्दी इतकी की पुढचा हलला की मागच्याने हलायचं. प्रत्येक बोटीबरोबर एक माणूस असतो, तो टॉर्च मारून "हा बघा गणपती, हे बघा कमळ" असं दाखवत नेतो. माझ्या आईला (६६ वर्षं) परतीच्या चालण्यात दम लागला. तिला बसायला सावलीत ओंडक्याखेरीज काही नव्हतं.

दुसरं म्हणजे तो रस्ता जारवा आदिवासींच्या जंगलातून जातो. मला ते मनापासून पटलं नाही. परत जायची वेळ आली तर मी जाणार नाही.

खाडीतला बोटीचा प्रवास मात्र सुंदर आहे, तेवढं कबूल करतो.

भूगोलाच्या बाई

मी मालवणजवळच्या एका हायस्कूलमध्ये ३१ वर्षं भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर पहिला प्रवास बाराटांगचा केला, कारण वर्षानुवर्षं फळ्यावर खडूने जे लवणस्तंभ काढले ते एकदा तरी डोळ्यांनी बघायचे होते. म्हणून तुमच्या आबांची ओढ मला फार जवळची वाटली. माझं मत: न्या. पण तयारीने न्या.

आधी वाटेचं सांगते. पोर्ट ब्लेअरहून (२०२४ पासून श्री विजयपुरम) जिरकाटांगच्या नाक्यापर्यंत जायचं. तिथे आधारकार्ड दाखवून फॉर्म भरायचा आणि गाड्यांच्या ताफ्याची वेळ होईपर्यंत थांबायचं. पहिला ताफा सहाच्या सुमारास सुटतो, म्हणून एवढ्या पहाटे निघायचं. तिथून जंगलातला रस्ता मिडल स्ट्रेटच्या धक्क्यापर्यंत. मग फेरीबोट, अगदी आपल्या दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळसारखी, गाडी-माणसं एकत्र. तुमच्या आबांना त्यात काही अवघड नाही.

अवघड आहे ते पुढे. पलीकडे निलांबूर धक्क्यावर छोट्या बोटीत बसायचं. आठ-दहा माणसं, लाइफ जॅकेट, बाकडी अरुंद. धक्क्यावरून बोटीत पाय टाकणं हीच पूर्ण दिवसातली सगळ्यात कठीण पायरी. भरती असली तर बोट धक्क्याला लागते, ओहोटी असली तर खाली शेवाळलेल्या पायऱ्यांवरून उतरावं लागतं. खाडीकाठच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. बोटवाले दोन्ही बाजूंनी हात देतात, फक्त आधी सांगून ठेवा की गुडघा बदललेला आहे, ओढू नका, टेकू द्या.

मग अर्धा तास कांदळवनातून. शेवटचा भाग इतका अरुंद होतो की दोन्हीकडची झाडं डोक्यावर मिळतात आणि बोट हिरव्या बोगद्यातून गेल्यासारखी जाते. पाण्यात हात घालू देऊ नका लेकीला, तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. उतरल्यावर साधारण दीड किलोमीटर चालायचं, तेवढंच परत. वाट मातीची, थोडी चढ-उताराची, एक-दोन ठिकाणी मुळं आडवी आलेली. घाई केली नाही तर ७१ वर्षांच्या चालत्या माणसाला जमतं. मला ६० व्या वर्षी पस्तीस मिनिटं लागली. तुम्ही तासभर धरा, आणि बोटवाल्याशी परतीच्या वेळेचं आधीच बोला, म्हणजे मागून कुणी घाई करणार नाही. काठीला खालून नवं रबर लावा, गुहेतली जमीन ओली असते.

आता गुहेबद्दल, कारण खरा प्रश्न "मन भरेल का" हा आहे.

आपल्या कोकणात वर जांभा, खाली काळा कातळ. दोन्ही पाण्यात विरघळणारे दगड नाहीत. घारापुरीची लेणी माणसाने छिन्नीने कोरली. बाराटांगची गुहा पावसाने कोरली आहे, आणि अजून कोरतोय. हा चुनखडक म्हणजे एका काळी समुद्राच्या तळाशी साठलेली प्रवाळं नि शिंपल्या. भारतीय भूपट्ट अंदमानच्या खाली सरकत जातो, त्या रेट्याने तळ वर आला आणि डोंगर झाला. म्हणजे तुमच्या आबांनी टोपलीने भट्टीत ओतलं, तोच माल.

जाण्याआधी घरी एक प्रयोग करा. मी दरवर्षी सातवीला करून दाखवायची. पानाच्या दुकानातला चुना भांडंभर पाण्यात ढवळा, रात्रभर ठेवा. वरची निवळी अलगद काचेच्या पेल्यात काढा आणि तिच्यात तेवढंच साधं पाणी घाला, नाहीतर फुंकून दमाल. नळीने फुंका. मोठ्या माणसाने फुंका, पोरीला तोंडात ओढू देऊ नका, चुन्याने भाजतं. दोन-चार फुंकांत निवळी दुधासारखी होईल. आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे चुन्याचा परत चुनखडक झाला, त्याचे कण तरंगतायत. पुष्कळजण इथेच थांबतात. तुम्ही थांबू नका. फुंकत राहा, पाच मिनिटं, सात मिनिटं. हळूहळू ते दूध परत निवळायला लागतं. तोच चुनखडक आता पाण्यात विरघळला.

बाराटांगच्या डोंगरावर हेच होतं. पावसाचं पाणी जंगलातल्या कुजलेल्या पाल्यातून, मुळांमधून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं आणि फटीफटीतून चुनखडक विरघळवत खाली येतं. गुहेच्या छताला थेंब लोंबतो. तिथल्या हवेत त्याच्यातला वायू निसटतो आणि विरघळलेला दगड थेंबाच्या कडेला कडं करून बसतो. कड्यावर कडं बसत जाऊन आधी भाताच्या काडीसारखी पोकळ नळी होते, थेंबाएवढ्याच जाडीची. नळी कधीतरी बुजते, मग पाणी बाहेरून ओघळतं आणि तिचा लवणस्तंभ होतो. खाली पडलेल्या थेंबांचा खालून वर. वेग विचाराल तर साधारण वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग. बोटाच्या पेराएवढा वाढायला दोन-अडीचशे वर्षं.

म्हणून एकच विनवणी. हात लावू नका, लावू देऊ नका. आपल्या बोटांचं तेल-घाम दगडावर बसला की पाणी तिथे नीट धरत नाही आणि वाढ थांबते. वाटेच्या कडेचे, हात पोचतात त्या उंचीचे लवणस्तंभ काळे तुकतुकीत झालेत. वरचे, जिथे हात पोचत नाही तिथले, अजून पांढरे आहेत आणि टॉर्च मारला की मिठासारखे चमकतात. काळ्या नि पांढऱ्यातली ती रेघ बघून मला तिथे रडू आलं. पुढे एक शिकला-सवरलेला गृहस्थ नातवाला उचलून "धर, धर" म्हणत होता. मी त्यांना थांबवलं. त्यांनी ऐकलंही. सांगितलं तर माणसं ऐकतात.

खाडीकाठ, गर्दीचं तुमचं बरोबर आहे. पण वीस मिनिटं कमी वाटतात ती गणपती आणि कमळ शोधत फिरलो तर. एक थेंब लोंबतो, फुगतो, पडतो, एवढं जरी नीट बघितलं तरी वीस मिनिटं पुरत नाहीत.

पाकोळी

बाईंनी एवढं छान लिहिलंय, एकच भर घालतो. मी वेंगुर्ल्याचा.

गुहेत शिरताना वर बघा. अंदमानच्या चुनखडकाच्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात, बाराटांग बेटावरच्या गुहांतही. त्यातली एक जात संपूर्ण अंधारात टकटक आवाज काढून, त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढते, वटवाघळासारखी. तिचं घरटं निव्वळ लाळेचं असतं, पांढरं, दगडाला चिकटवलेल्या अर्ध्या वाटीसारखं. चीनकडे त्याचं सूप करतात आणि त्याला चांदीसारखा भाव येतो, म्हणून अंदमानात गुहाच्या गुहा ओरबाडल्या गेल्या. डॉ. रवी शंकरन या पक्षीशास्त्रज्ञाने तिथे घरटी चोरणाऱ्यांनाच राखणीला बसवलं. २००९ मध्ये ते फार लवकर गेले.

हे मी का सांगतोय, तर आपल्या दारातही हेच झालंय. वेंगुर्ला रॉक्सच्या एका बेटावर, समुद्री गुहेत भारतीय पाकोळीची मोठी वसाहत आहे. तिथूनही घरट्यांची तस्करी होत होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ती उघडकीला आणली आणि राखणीसाठी धडपड केली. लहानपणी होडीवरून त्या बेटाजवळून जाताना संध्याकाळी पाकोळ्यांचे थवे आत शिरताना बघितलेत, ते आजही डोळ्यांसमोर आहेत.

तर लेकीला सांगा, टॉर्च घरट्यावर धरून ठेवायचा नाही. आवाज हळू. बाकी प्रवासाला शुभेच्छा.

देवगडकरीण

बाई, पाकोळीदादा, किती आभार मानू. प्रयोग काल रात्री केला. आबांनी फुंकलं. दूध झालं तेव्हा ते काही बोलले नाहीत, ते त्यांना माहीत असल्यासारखं होतं. पण परत निवळायला लागलं तेव्हा पेला दिव्याजवळ धरून बराच वेळ बघत बसले. लेक मोजत होती, नऊ मिनिटं लागली.

जारवांच्या रस्त्याबद्दल मात्र मन खातंय. खाडीकाठ म्हणतात ते डोक्यातून जात नाही. आमच्या टूरवाल्याने तर फोनवर "नशीब असेल तर आदिवासीपण दिसतील, मुलीला मजा येईल" असं म्हटलं. मला ते ऐकून कसंतरी झालं. बाई, तुम्ही यावर काय विचार केला होता?

भूगोलाच्या बाई

असं म्हणणाऱ्या माणसाला तिथल्या तिथे सांगा की आम्हाला हे नको. माणसं बघायला जायची गोष्ट नाही.

मी जायच्या आधी दोन रात्री याच विचारात होते. जारवा २०११ च्या जनगणनेत ३८० होते. आपल्या एका वाडीत त्याहून जास्त लोक राहतात. अंदमान ट्रंक रोड त्यांच्या जंगलाच्या मधून काढला. १९९७-९८ पर्यंत ते बाहेरच्यांना जवळ येऊ देत नव्हते. नंतर बाहेर येऊ लागले, तर १९९९ मध्ये आणि पुन्हा २००६ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. आपल्याकडचं पोर बहुतेक वेळा गोवरातून बरं होतं, त्यांच्या अंगात त्याच्याशी लढायची ताकद पिढ्यान्‌पिढ्या तयारच झालेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हा रस्ता त्यांच्या भागात बंद करायचा आदेश दिला होता. २०१३ च्या सुरुवातीला पर्यटकांना काही आठवडे बंदीही होती. रस्ता आजही चालू आहे, कारण मध्य आणि उत्तर अंदमानातल्या लोकांचं दवाखाना, बाजार, सगळं त्याच्यावर आहे.

मी गेले, आणि जाऊन बरोबर केलं असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. खाडीकाठ यांचा निर्णय मला आदराचा वाटतो. जाणारच असाल तर नियम देवळातल्यासारखे पाळा. गाडी थांबवायची नाही, काच खाली नाही, फोटो नाही, खायला फेकायचं नाही. फोटो काढणं तर कायद्याने गुन्हा आहे. लेकीला आधीच समजवा, की हा रस्ता म्हणजे दुसऱ्याच्या घराचं अंगण आहे आणि आपण मान खाली घालून जातोय. मी मोबाइल बंद करून पिशवीत तळाशी ठेवला होता. आमच्या गाडीत मागे बसलेल्या एकाने फोन वर केला, तर ड्रायव्हरने इतक्या जोरात ओरडून सांगितलं की पुढचा रस्ताभर कुणी हललं नाही. चांगला माणूस.

खाडीकाठ

बाई, हे लिहिलंत म्हणून बरं वाटलं. ताई, आबांची भट्टीची गोष्ट मी पहिल्यांदा घाईत वाचली होती. परत वाचली. न्या त्यांना. सोमवारी गुहा बंद असते असं आम्हाला सांगितलं होतं, बुकिंगआधी विचारून घ्या.

देवगडकरीण

मंडळी, परवा परत आलो. आधी इथे लिहितेय, मग बॅगा उपसणार.

आबा गेले, आले, गुडघा ठीक आहे. बाईंनी सांगितलं तसंच झालं, जाताना भरती होती, येताना ओहोटी. येताना पायऱ्या उघड्या पडलेल्या, हिरव्यागार. दोन बोटवाल्यांनी आबांना मधे घेतलं. आबांनीच त्यांना सांगितलं कुठली पायरी बुळबुळीत असेल ती. चालायला जाताना पन्नास मिनिटं लागली, दोनदा बसलो. बोटवाल्याशी आधी बोलून ठेवलं होतं, त्याने एका शब्दाने घाई केली नाही.

जंगलातल्या रस्त्यावर लेक माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. आबांनी पूर्ण वेळ डोळे मिटून घेतले होते. झोपले नव्हते.

गुहेत आमच्या पुढची बोट निघून गेली आणि मागची यायची होती, तेवढ्यात सात-आठ मिनिटं आम्हीच होतो. बोटवाल्याने विचारलं, टॉर्च बंद करू का? बंद केला. काहीच दिसेना. टप्. बऱ्याच वेळाने परत टप्. मग लेकीने हळूच छोटा टॉर्च लावला, एका बारीक नळीच्या टोकाला थेंब होता, बाई म्हणाल्या तशी भाताच्या काडीएवढी नळी. आम्ही चौघं त्याच्याकडे बघत उभे. आबा नेमके खाली होते, थेंब त्यांच्या मनगटावर पडला. त्यांनी तो पुसला नाही. मनगट टॉर्चपुढे धरलं आणि म्हणाले, "ही निवळीच गो." मग दगडापाशी गेले, अगदी नाक लागेल इतके जवळ, दोन्ही हात पाठीमागे बांधून. आबांना मी असं हात बांधून उभं राहिलेलं फक्त देवळात बघितलंय.

पाकोळ्या बाहेर तोंडाशी दिसल्या, तीन-चार, फार वेगाने गेल्या. घरटं नाही दिसलं. काळी-पांढरी रेघ दिसली, आणि लेकीने एका दादाला "काका, हात नका लावू, ते मरतं" असं सांगितलं. त्याने हात खिशात घातला.

आता एक प्रश्न. काल रात्री आबांनी पडवीच्या भिंतीकडे बघत सांगितलं की यंदा डिस्टेंपर नको, ही भिंत चुन्यानेच काढायची. चुना भिंतीवर वाळताना हवेतला वायू घेऊन परत दगड होतो, हे त्यांना आता लेक समजावून सांगते आणि ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकतात. बाजारातल्या पुडीतला चुना त्यांना नको, शिंपल्यांचाच पाहिजे. देवगड-मालवण-वेंगुर्ला पट्ट्यात अजून कुणी भट्टी लावतं का? दोन पोती मिळाली तरी पुरे.

पाकोळी

ताई, आमच्या खाडीच्या पलीकडे एक म्हातारे आजोबा पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत लावायचे. अजून आहेत का, रविवारी होडीने जाऊन बघून येतो आणि कळवतो. नसलेच लावत, तर शिंपल्या मी गोळा करून देतो. भाजायला आबा आहेतच.